तिसरी क्लच प्लेट

वीस गाड्यांच्या शर्यतीत एखादी गाडी पंचावन्न जागा मागे कशी जाते, हा प्रश्न मला पहिल्यांदा आप्पांनी विचारला. ऑगस्ट २०१५ मधला रविवार होता. बेल्जियममधल्या स्पा-फ्रँकोरशाँची फॉर्म्युला वन शर्यत सुरू व्हायची होती. आप्पा आदल्या दिवशी गावाहून पुण्याला आले होते आणि दुसरं काही बघण्यासारखं नाही म्हणून माझ्या शेजारी बसले होते. मॅक्लारेनच्या दोन गाड्या, दोन्हींना होंडाचं इंजिन. फर्नांडो अलोन्सोला ५५ जागांचा दंड, जेन्सन बटनला ५० जागांचा. दोघांचा मिळून १०५.

"गाड्या वीसच हायत न्हवं?"

"हो."

"मग पंचावन्नावा उभारणार कुठं? गावात?"

मी हसलो. म्हटलं, आप्पा, शेवटून पहिला आणि शेवटून दुसरा, एवढंच. उरलेल्या जागा कागदावरच राहतात. त्यांना ते पटलं, पण त्यांचा खरा प्रश्न पुढचा होता. इंजिन कुणी केलं? होंडानं. बसवलं कुणी? मेकॅनिकनं. बदलायचं कुणी ठरवलं? संघाच्या इंजिनिअरनं.

"मग मागं ह्यो का उभारलाय?"

आप्पांनी एकतीस वर्षं ट्रक चालवला, सगळी दुसऱ्यांच्या मालकीचा. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी सहज विचारला असं मला तेव्हा वाटलं, आणि मी त्याला इंजिनिअरसारखं उत्तर दिलं. तेच उत्तर पुढे कित्येक वर्षं, दर वेळी थोडं सुधारून, मी देत राहिलो.

उत्तर असं. २०१४ पासून २०२५ पर्यंत फॉर्म्युला वनच्या गाडीत ज्याला आपण इंजिन म्हणतो ते एक यंत्र नव्हतं. १.६ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन हा त्यातला एक भाग. त्याला जोडलेला टर्बो दुसरा. ब्रेक दाबल्यावर वाया जाणारी गती विजेत बदलणारा जनरेटर तिसरा, आणि टर्बोच्याच दांड्यावर बसून एक्झॉस्टच्या उष्ण वायूंमधून वीज काढणारा दुसरा जनरेटर चौथा. ती वीज साठवणारी बॅटरी पाचवी, आणि या सगळ्यांना सांभाळणारं कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स सहावं. या सहा भागांच्या संचाला पॉवर युनिट म्हणतात. प्रत्येक चालकाला वर्षभरासाठी प्रत्येक भागाचे ठरावीक नग मिळतात. २०१४ साली प्रत्येकी पाच मिळायचे, २०१५ साली चार. २०१८ साली इंजिन, टर्बो आणि उष्णतेचा जनरेटर प्रत्येकी तीनच आणि बाकीचे तीन भाग प्रत्येकी दोनच, तेही एकवीस शर्यतींसाठी. म्हणजे एका इंजिनानं सात शर्यती काढायच्या. शर्यत साधारण तीनशे पाच किलोमीटरची. त्यात शुक्रवारचा सराव आणि शनिवारची पात्रता फेरी वेगळी.

प्रत्येक नगावर शर्यतींचं नियमन करणाऱ्या एफआयएचं सील असतं. सील तुटलं की तो नग बाद. सील शाबूत असेल तर जुना नग काढून ठेवता येतो, पुन्हा बसवता येतो, शुक्रवारच्या सरावाला वापरून नवा नग रविवारसाठी राखून ठेवता येतो. आमच्याकडे गावाला लग्नाची भांडी वेगळी आणि रोजची वेगळी असतात, तसंच हे. कोटा संपल्यावर एखादा जादा नग बसवला, की चालकाला ग्रिडवर मागे उभं राहावं लागतं. एखाद्या भागाचा पहिला जादा नग बसवला तर दहा जागा, त्याच भागाचा त्यानंतरचा जादा नग बसवला तर पाच. एकदम बरेच भाग बदलले की या दहा-पाचांची बेरीज होते. २०१५ च्या त्या शर्यतीत होंडानं एकाच आठवड्यात दोन्ही गाड्यांना दोन-दोन नवे संच लावले. एकदा शेवटी उभंच राहायचं आहे तर अजून एक घेऊन ठेवू, हा हिशेब. कर्ज बुडवायचंच ठरलं की माणूस आणखी थोडं काढतो, तसा.

आणि हा नियम कशासाठी? पैशांसाठी. १९८० च्या दशकात टर्बोच्या जमान्यात काही संघ पात्रता फेरीसाठी वेगळं इंजिन लावायचे. ते मोजक्या फेऱ्या जीव तोडून पळायचं आणि मग भंगारात जायचं. शर्यतीला दुसरं. ज्याच्याकडे पैसे त्याच्याकडे इंजिनं. २००४ मध्ये नियम आला की पूर्ण आठवडाअखेर एकच इंजिन चालवायचं, २००५ मध्ये दोन शर्यतींना एक, २००९ मध्ये वर्षाला आठ. नाही पुरलं तर चालक मागे. २००५ साली मॉन्झाला किमी रायकोनन पात्रता फेरीत सगळ्यांत वेगवान होता आणि शर्यतीला अकरावा उभा राहिला. त्याच्या मॅक्लारेनचं इंजिन बदलावं लागलं होतं. त्याच वर्षी त्याला असा दंड फ्रान्समध्ये झाला, इंग्लंडमध्येही झाला. विजेतेपद अलोन्सोनं नेलं.

मी आप्पांना सांगायचो: रोख दंड ठेवला तर श्रीमंत संघ तो भरून टाकेल आणि दर शर्यतीला नवं इंजिन लावेल. संघाचे गुण कापले तरी, जिथे चालकाच्या विजेतेपदाची चुरस आहे तिथे संघ म्हणेल, कापा. ग्रिडवरची जागा ही एकच गोष्ट अशी आहे की जी पैशानं परत विकत घेता येत नाही. म्हणून ती घेतात. हे उत्तर मला आजही बरोबर वाटतं. आप्पा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं." त्यांच्या 'बरं'चा अर्थ आईलाच नीट कळायचा.

आता त्यांच्या मालकाबद्दल. नाव लिहीत नाही, माणूस हयात नाही आणि तसा वाईटही नव्हता. त्याचे पाच ट्रक होते, आणि त्याचा एक नियम होता जो आमच्या घरात लहान पोरांनाही पाठ होता: वर्षातली पहिली क्लच प्लेट मालकाची, दुसरी निम्मी-निम्मी, तिसरी ड्रायव्हरची. तिसऱ्या प्लेटचे पैसे पगारातून तीन महिन्यांत कापून घ्यायचे. या नियमालाही कारण होतं. काही ड्रायव्हर पाय कायम क्लचच्या पेडलवर ठेवून चालवतात. पेडल केसभर दबलेलं राहतं, प्लेट घासत राहते आणि वर्षभर टिकायची ती चार महिन्यांत जळते. मालक गाडीत बसत नाही. पाय कुठे होता हे त्याला कसं कळणार? त्याला फक्त जळालेली प्लेट दिसते. म्हणून तो प्लेटा मोजायचा.

फॉर्म्युला वनचा नियमही भाग मोजतो, कारण विचारत नाही. त्याची ताकद यातच आहे. कारण विचारायला लागलं की प्रत्येक संघाकडे कारण असतं.

पण मोजणीचा नियम केला की माणसं मोजणीशी खेळायला लागतात, आणि त्या खेळातली गंमत बघायला मला मनापासून आवडायचं. २०१६ मध्ये स्पालाच लुइस हॅमिल्टननं होंडाचीच युक्ती वापरली. मर्सिडीजनं त्या आठवड्यात त्याला एकामागून एक नवे भाग लावले, पंचावन्न जागांचा दंड घेतला, तो एकविसावा उभा राहिला आणि तिसरा आला. वर उरलेल्या वर्षासाठी ताज्या इंजिनांचा साठा झाला. (तरी मलेशियात आघाडीवर असताना त्याचं इंजिन पेटलं आणि विजेतेपद पाच गुणांनी रॉसबर्गकडे गेलं. साठा करून सगळं भागत नाही.) पुढच्या वर्षी नियम बदलला: एका आठवड्यात कितीही नग लावा, त्यातला शेवटचा बसवलेलाच पुढे दंडाशिवाय वापरता येईल. २०१७ मध्ये स्पाला स्टॉफेल व्हँडूर्न या बेल्जियन पोराला त्याच्या घरच्या शर्यतीत ६५ जागा मागे टाकलं. लोक हसायला लागले, तसा २०१८ पासून आणखी एक बदल झाला: पंधरापेक्षा जास्त जागांचा दंड झाला की सरळ शेवटी उभं राहायचं, आकडा नको. तो पंचावन्न, पासष्टचा तमाशा संपला. मला थोडं वाईट वाटलं.

दंड कुठे घ्यायचा हाही विचार असतो. मोनॅकोला किंवा बुडापेस्टला रस्ता अरुंद, पुढच्याला ओलांडता येत नाही, तिथे दहा जागा म्हणजे शर्यत गेलीच. स्पा किंवा मॉन्झाला लांब सरळ रस्ते आहेत, तिथे वेगवान गाडी वर येते. त्यामुळे २०२२ पर्यंत उन्हाळी सुटीनंतर या दोन शर्यती आल्या की दंडांचा हंगाम लागायचा. २०२२ साली स्पाला मॅक्स व्हर्स्टापेन पात्रता फेरीत सगळ्यांत वेगवान होता, दंडामुळे चौदावा उभा राहिला, आणि दुसऱ्या आलेल्या पेरेझला सतरा सेकंदांहून जास्त मागे टाकून जिंकला. ही शर्यत आप्पांनी बघितली. बारा-तेरा फेऱ्यांतच तो पुढे गेला तेव्हा ते म्हणाले, "ह्याला कसला दंड? ह्याला तर घाट उतरायचा हुता."

पण मला सांगायचं आहे ते त्याआधीच्या वर्षाचं.

मे २०२१. कोरोनाची दुसरी लाट. आई आदल्या वर्षी गेली होती आणि गावात एकटं ठेवायला नको म्हणून आप्पांना मी पुण्याला आणलं होतं. कारखाना अर्ध्या माणसांवर चालू होता. रविवार, २३ मे, संध्याकाळी साडेसहाला मोनॅकोची शर्यत. आदल्या दिवशी पात्रता फेरीत शार्ल लक्लेर पहिला आला होता. पोरगा मोनॅकोचाच, गाडी फेरारीची. ते सत्र संपता संपता, आपली वेळ आणखी सुधारायच्या नादात, त्यानं स्विमिंग पूलच्या वळणाशी गाडी कठड्यावर आपटली. सत्र तिथेच थांबलं आणि पहिली जागा त्याचीच राहिली. आता रात्रभर एकच चर्चा होती: गिअरबॉक्स बदलणार का? त्या वर्षीच्या नियमानं वेळेआधी गिअरबॉक्स बदलला तर पाच जागांचा दंड होता. मोनॅकोला पहिला आणि सहावा यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. फेरारीनं तपासलं, मोठी इजा नाही म्हणाले, आणि तोच गिअरबॉक्स ठेवला.

शर्यतीआधी गाड्या पिटमधून निघून ग्रिडवर येतात. त्या एवढ्याशा फेरीतच लक्लेर रेडिओवर बोलताना ऐकू आला. गाडी परत आत गेली. गिअरबॉक्स नव्हता, डाव्या मागच्या चाकाला गती देणाऱ्या शाफ्टचा हब गेला होता. तेवढ्या वेळात तो दुरुस्त होण्यासारखा नव्हता. पहिली जागा रिकामी ठेवून शर्यत सुरू झाली.

मी आप्पांना समजावत होतो. बघा, दंड वाचवायला गेले आणि शर्यतच गेली. खरं तर गिअरबॉक्सचा संबंध नव्हता, पण सगळं उघडून बदललं असतं तर कदाचित बाकीचंही सापडलं असतं. असं काहीतरी. मी बोलत होतो आणि आप्पा पडद्याकडे बघत नव्हते.

"मला म्हाईत हुतं," ते म्हणाले.

मला वाटलं लक्लेरबद्दल बोलतायत.

"चार दिवस म्हाईत हुतं मला. क्लच सुटायला लागलावता."

आमच्या घरात कुंभार्ली घाटाची एक गोष्ट होती. मी ती लहानपणापासून ऐकलेली, सगळ्यांनी ऐकलेली. चिपळूणहून जांभ्या दगडाचे चिरे भरून आप्पा रात्री घाट चढत होते. एका वळणावर क्लच अचानक गेला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग मागे यायला लागली. आप्पा ब्रेकवर उभे राहिले, क्लीनर उटी घेऊन खाली उडी मारून मागच्या चाकाशी गेला. उटी लागली, गाडी थांबली, पण थांबण्याआधी वीतभर मागे आली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं चाक आणि उटीच्या मध्ये सापडली. गोष्टीत नेहमी हे असायचं की क्लच अचानक गेला, आणि हेही असायचं की त्या पोरानं उटी लावली नसती तर गाडी दरीत गेली असती. दोन्ही वाक्यं एकामागून एक यायची. आई सांगायची तेव्हाही.

ती क्लच प्लेट त्या वर्षातली तिसरी होती. हे गोष्टीत कधीच नव्हतं.

चार दिवस आधी कराडला माल उतरवताना आप्पांना पहिल्यांदा जाणवलं. चढाला इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडी तेवढी ओढत नाही. हलका जळका वास. ज्यानं आयुष्यभर ट्रक चालवला त्याला हे कळायला मीटर लागत नाही. त्यांनी एका ओळखीच्या मेकॅनिककडून क्लच ताणून घेतला, चहापाण्यावर. मालकाला सांगितलं नाही. महिना निघाला की बघू. तेवढ्यात चिपळूणची फेरी लागली.

"सांगितलं असतं तर कापलं असतं?" मी विचारलं.

"तसंबी कापलंच की."

तीन महिने कापले. क्लीनरच्या दवाखान्याचा खर्च मालकानं केला, हे मात्र मालकाच्या बाजूनं सांगायला हवं. मालकानं विचारलं होतं, आधी काही लक्षण दिसलं होतं का. आप्पा नाही म्हणाले. क्लीनर शेजारीच उभा होता, हाताला पांढरं बांधलेलं. त्यालाही वास आला होता. तोही काही बोलला नाही.

साल १९९७. मी दहावीत होतो आणि त्याच महिन्यात माझ्या गणिताच्या क्लासची फी भरायची होती. हे आप्पांनी म्हटलं नाही. टीव्हीवर गाड्या गोल फिरत होत्या आणि मी मनात महिने मोजत होतो, तेव्हा माझं मला कळलं.

त्यानंतर काही दिवस मी आप्पांशी नीट बोलू शकलो नाही. राग नव्हता. अडचण वेगळीच होती. मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. आम्ही गाड्यांचे सुटे भाग करतो, प्रत्येक भागावर नंबर असतो आणि तो कोणत्या दिवशी, कोणत्या मशिनवर, कोणत्या पाळीत झाला हे मला संगणकावर दिसतं. एफआयएच्या सीलचं मला कौतुक वाटतं ते या धंद्यामुळेच. आणि काही वर्षांपूर्वी, आमच्या एका लाइनवर खराब नगांचं प्रमाण फार वाढलं तेव्हा, एक नियम मी स्वतः लिहिला होता. ठरलेल्या आकड्याच्या वर रिजेक्शन गेलं की त्या पाळीच्या ऑपरेटरांचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कमी. कारण विचारायचं नाही, नग मोजायचे. मालकासारखाच मीही लाइनवर दिवसभर उभा राहू शकत नव्हतो.

दोन महिन्यांत आकडा खाली आला. मीटिंगमध्ये माझं कौतुक झालं. पुढे पावसाळ्यात कंप्रेसर रूमच्या मागे पाणी तुंबलं म्हणून साफसफाई केली, तेव्हा तिथे दोन पोती निघाली. आत आमचेच खराब नग. काही मशिनचं टूल झिजल्यामुळे बिघडलेले होते, म्हणजे ऑपरेटरचा दोषच नव्हता. टूल झिजलंय हे त्याला आवाजावरून कळलं असणार. त्यानं सांगितलं असतं तर टूल आम्ही बदललं असतं. पण सांगायचं म्हणजे आधी खराब नग दाखवायचे.

पोती सापडली तेव्हा मी चिडलो होतो. पोरं चोर आहेत म्हणालो होतो. मोनॅकोनंतर ती पोती मला वेगळी दिसायला लागली. मी प्रस्ताव लिहिला की बिघाड ज्यानं आधी कळवला त्या पाळीचे ते नग मोजणीत धरू नयेत. तो मंजूर व्हायला वर्ष गेलं आणि झाला तोही अर्धाच. आता आकडा पूर्वीपेक्षा वाईट दिसतो. दर महिन्याला मला त्याचं स्पष्टीकरण द्यावं लागतं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची शर्यत होती. हॅमिल्टननं जादा इंजिन घेतलं. आधी तुर्कस्तानात त्यानं एक घेतलं होतं, त्याला दहा जागा गेल्या होत्या. या वेळी पाचच. मर्सिडीजनं विचार केला की पाच जागांत ताजं इंजिन स्वस्त आहे. त्यात गाडीच्या मागच्या पंखातली फट मापापेक्षा किंचित जास्त निघाली म्हणून पात्रता फेरीतून बाद. शनिवारच्या चोवीस फेऱ्यांच्या स्प्रिंटमध्ये तो शेवटून निघून पाचवा आला, इंजिनाचा दंड धरून रविवारी दहावा उभा राहिला आणि शर्यत जिंकला. फॉर्म्युला वनच्या इतिहासातल्या थोर शर्यतींपैकी ही एक. मी खुर्चीवर उभा राहून ओरडत होतो. आप्पा शांतपणे म्हणाले, "पहिल्याला धा, दुसऱ्याला पाच. आमच्यात उलटं हुतं."

मग १९ नोव्हेंबर २०२३. ही तारीख सगळ्या भारताला दुसऱ्या कारणासाठी आठवते. दुपारी दोनला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल होती. पण आमच्या घरी त्याआधी, सकाळी साडेअकराला, लास वेगसची शर्यत लागली होती. तिथली शनिवारची रात्र म्हणजे इथला रविवार. शुक्रवारी सकाळी पहिल्या सरावात जे झालं ते मी आप्पांना फोनवर दाखवून ठेवलं होतं. शहराच्या रस्त्यांवरची शर्यत. सराव सुरू होऊन जेमतेम आठ मिनिटं झाली होती. रस्त्यातल्या पाण्याच्या व्हॉल्व्हवरचं लोखंडी झाकण निघालं आणि कार्लोस साइन्झची फेरारी पूर्ण वेगात त्याच्यावरून गेली. गाडीचा तळ फाटला, सांगाडा गेला, इंजिन गेलं, बॅटरी गेली. सराव रद्द झाला. त्याच्या कोट्यात बॅटऱ्या दोनच होत्या, त्या संपलेल्या. नवी बॅटरी तिसरी. दहा जागा.

फेरारीनं सूट मागितली. पंचांचा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: नुकसान बाहेरच्या विचित्र कारणानं झालं हे आम्हाला मान्य आहे, सूट देण्याचा अधिकार असता तर आम्ही दिली असती, पण नियम जसा लिहिला आहे तसा लावणं आम्हाला भाग आहे. मी आजवर आप्पांना जे सांगत आलो ते सगळं या निकालात होतं. नियम कारण विचारत नाही. एकदा विचारलं की दर वेळी विचारावं लागेल. मी तो पंच असतो तर मीही हेच लिहिलं असतं, आणि लिहिताना मला त्या दोन पोत्यांची आठवण झाली असती.

पात्रता फेरीत साइन्झ दुसरा आला होता. शर्यतीला बारावा उभा राहिला. शेजारची मंडळी मॅचसाठी जमायला लागली होती, कुणी बटाटेवडे आणले होते, पोरांनी निळे टीशर्ट घातले होते आणि सगळे विचारत होते, हे काय लावलंय, चॅनल बदला. आप्पा म्हणाले, थांबा जरा, तिसऱ्या बॅटरीवाला कितवा येतोय ते बघू. पोरांना काही कळलं नाही. साइन्झ पहिल्याच वळणावर गिरकी घेऊन मागे पडला, मग एकेक करत वर आला. सहावा.

मी रिमोट उचलला.

"झाकाण कुणाचं हुतं?" आप्पांनी विचारलं.

"रस्त्याचं. शर्यत भरवणाऱ्यांनी बघायला हवं होतं."

"त्यास्नी किती जागा?"

"त्यांना जागा नसतात, आप्पा. ते शर्यतीत नसतात."

त्यांनी मान हलवली. मग गुडघ्यावर हात देऊन उठले, पोरांना बसायला सोफ्यावर जागा करून दिली, आणि आत जाऊन फोन लावला. त्या क्लीनरचं आता पाटणजवळ पंक्चरचं दुकान आहे. आप्पा वर्षातून दोन-तीनदा त्याला फोन करतात. दाराआडून मला एवढंच ऐकू आलं की मॅच बघतोयस का, आणि दुकान बंद ठेवलंयस की पोराला बसवलंयस. बाहेर टॉस झाला होता. ऑस्ट्रेलियानं फील्डिंग घेतली.